ग्राफिक्स कार्डाविना पीसी: पैसे कुठे घालायचे

बजेट तोकडं असेल तर ग्राफिक्स कार्ड सध्या घेऊच नका. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ६ कोअर आहेत आणि ग्राफिक्स अंगभूत. पण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी नको. ८-८ च्या दोन घ्या, डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग). एकाच पट्टीवर बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) निम्मी होते आणि गेम अडखळतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायला विसरलात तर रॅम कमी वेगानेच चालते.

बी४५० मदरबोर्ड स्वस्त पडतो, मात्र जुन्या स्टॉकमधला असेल तर जुना बायोस हा प्रोसेसर ओळखत नसल्याने स्क्रीन काळीच राहू शकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर दुकानातच बायोस अपडेट करून मागा.

कॅबिनेटसोबत येणारा बिननावाचा पॉवर सप्लाय? मुळीच नको. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या, म्हणजे पुढे मध्यम कार्डही चालेल.