टिटोची बाजू

29 सप्टेंबर 2011, गुरुवार

"आई, तुझं काय, तू सगळ्यांचीच बाजू घेतेस."

एवढं बोलून ईशान दप्तर खांद्यावर टाकून बससाठी पळाला. चिडून बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं. रात्री बारानंतर त्याच्या टीमचा, बेसबॉलमधल्या बॉस्टन रेड सॉक्सचा, सीझन संपला होता, झोप झाली नव्हती, चिडायचा त्याला हक्कच होता. पण तो अगदी सहज बोलला. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलावी, तसा. सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी म्हटलं काय होतं? कालचा गेम टिटोने, म्हणजे मॅनेजर टेरी फ्रँकोनाने, घालवला नाही, एवढंच.

सुहासने किचनमध्ये रेडिओ लावला होता. जो उठतो तो फोन करून सांगतोय, फ्रँकोनाला काढा. शेवटच्या इनिंगला बॉल टाकायला पॅपलबॉनला कशाला आणला, पिचर लॅकीला महिनाभर कशाला खेळवला, लेफ्ट फील्डमधल्या क्रॉफर्डला बाहेर का नाही बसवला. सुहास डबा भरता भरता म्हणाला, "बरोबर बोलतायत. आठ वर्षं झाली, पोरं आता त्याला जुमानत नाहीत." आणि ईशानने मान हलवली. ईशानने! ज्याच्या खोलीच्या दारावर 2007 च्या वर्ल्ड सिरीजनंतरचा टिटोचा पेपरातला फोटो अजून चिकटवलेला आहे.

हेच वाक्य सुहासही एकदा बोलला होता, अण्णांच्या फ्लॅटचं झालं तेव्हा. तो विषय आज नको.

मला नेमकं काय लागलंय, ते शोधायला लिहायला बसलेय. दोष देणाऱ्याला खेळ कळतो आणि सांभाळून घेणाऱ्याचं नुसतं मन मऊ असतं, हे आमच्या घरात कधी ठरलं? रेडिओवरचा माणूस तावातावाने बोलतो, म्हणून तो जाणकार. मी म्हणते थांबा, आधी पान बघू या, तर मी सगळ्यांची आई. ईशान लिटल लीगमध्ये होता तेव्हापासून स्कोअरबुक मी लिहितेय. एप्रिलच्या थंडीत बोटं आखडायची तरी लिहिलंय. कोणत्या मुलाने कोणाला आउट केलं यावरून वाद झाला की इतर मुलांचे बाबा माझ्याकडे येऊन वही मागायचे. घरात ती वही कोणी उघडत नाही.

तर कालचं पान. शेवटची, नववी इनिंग, बाल्टिमोरच्या ओरिओल्सची बॅटिंग, आपण 3-2 ने पुढे. अ‍ॅडम जोन्स, के, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट. मार्क रेनल्ड्स, के. हे दोन्ही के मी पेन्सिल दाबून, जरा मोठेच काढलेत. पुढच्या चौकोनात क्रिस डेव्हिसचा डबल, एका फटक्यात थेट सेकंड बेस. मग नोलन रायमोल्ड. तिथे फक्त एक स्ट्राइक हवा होता, तर त्याचाही डबल, 3-3. मग अँडिनो. लेफ्टकडे एक रेघ, तिच्या टोकाला 7, म्हणजे क्रॉफर्ड. तो घसरत आला, बॉल ग्लोव्हमध्ये आल्यासारखा झाला आणि सुटला, आपण हरलो. त्या 7 च्या पुढे पेन्सिलचा एक ठिपका आहे, मी हात तिथेच धरून बसले होते. तीन मिनिटांनी तिकडे, प्लेऑफच्या त्याच जागेसाठी आपल्याशी झुंजणाऱ्या टँपा बेच्या लाँगोरियाचा विजयी होमरन, आणि आपला सीझन संपला.

या पानावर टिटोने काय वेगळं करायला हवं होतं, ते मला कोणीतरी दाखवावं.

ईशान म्हणतो, पॅपलबॉन दमलेला होता. रविवारी न्यूयॉर्कला दोन इनिंगपेक्षा जास्त टाकल्या, मंगळवारी परत, काल परत. शिवाय याच अँडिनोने गेल्या आठवड्यात आपल्याच मैदानावर, फेनवेला, त्याला मारलं होतं. मुद्दा चांगला आहे, मी तो उडवून लावत नाही. पण रविवारचा तो दुसरा गेम 14 इनिंग चालला आणि आपल्या एल्सबरीच्या होमरनवर जिंकला. तेव्हा पॅपलबॉनने धरून ठेवलं नसतं, तर काल रात्री जागायला काही उरलंच नसतं. आणि दमलेला म्हणता तर दमलेल्या माणसाने आधी दोन के घेतले ना?

कालचा गेम सुरू करणाऱ्या पिचरचं, लेस्टरचं, कोणी बोलतच नाही. शनिवारी यँकीजने त्याला तिसऱ्या इनिंगमध्येच घालवलं होतं. त्याच माणसाला फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर टिटोने सीझनचा शेवटचा गेम दिला. परवापर्यंत सगळे म्हणत होते, वेडेपणा आहे. लेस्टरने सहा इनिंग टाकल्या, दोन रन दिल्या, आघाडी हातात ठेवून गेला. आठवी इनिंग बार्डला दिली, ज्याच्या हातून या महिन्यात गेममागून गेम गेले, आणि काल त्याने एकही रन दिली नाही. हे दोन्ही निर्णय टिटोचेच. त्यांच्यासाठी रेडिओला एकही फोन नाही.

आठव्या इनिंगमध्ये आपला स्कुटारो बेसच्या मध्ये घुटमळला आणि होमवर आउट झाला. ती रन मिळाली असती तर? त्यात मॅनेजर काय करणार, त्याच्याऐवजी धावणार?

काल घट बसले, त्यामुळे मी तशीही जागीच होते. पाऊस आला आणि बाल्टिमोरचा गेम 1 तास 26 मिनिटं थांबला. तेवढ्यात दिव्यात तेल घातलं, पुण्याला आईंना फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्या फुलांच्या भावाबद्दल सांगत होत्या आणि माझं एक लक्ष टीव्हीवर. पाऊस सुरू झाला तेव्हा यँकीज टँपा बेवर 7-0 ने पुढे होते. आम्ही बोलत असतानाच टँपाने आठव्या इनिंगमध्ये सहा रन काढल्या. नवव्यात दोन आउट, दोन स्ट्राइक असताना डॅन जॉन्सनने होमरन मारून बरोबरी केली. आई म्हणाल्या, तुझा आवाज असा का येतोय, काही झालंय का? काय सांगणार. यँकीज जिंकले असते तर आपण हरूनही आज अजून एक गेम खेळलो असतो. सात रनची आघाडी यँकीजने घालवली, फ्लोरिडात. तीही टिटोच्या खात्यावर मांडा.

लिहिता लिहिता राग येतोय. त्याने बरं वाटतंय.

पण खरं दुखणं कालच्या रात्रीचं नाही, सबंध महिन्याचं आहे, हेही मला कळतं. 3 सप्टेंबरला टँपा बेवर नऊ गेम्सची आघाडी होती. सप्टेंबरचा हिशेब 7-20, सात जिंकलो, वीस हरलो. सबंध महिन्यात लागोपाठ दोन गेम जिंकले नाहीत. ईशानचं खरं म्हणणं हेच आहे की टीम बुडत होती आणि टिटो नुसता बघत बसला. रोज तीच नावं, रोज तोच विश्वास. पंचेचाळीस वर्षांच्या वेकफिल्डला दोनशेवी विन मिळेपर्यंत बॉल देत राहिला. लॅकीचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, 6.41, तरी त्याची पाळी कधी चुकली नाही.

यावर माझं उत्तर एप्रिलमध्ये आहे. सीझनची सुरुवात आठवते का कोणाला? पहिले सहा गेम हरलो होतो. मग 2-10. तेव्हाही रेडिओवर हेच फोन होते. टिटोने तेव्हा काय केलं? क्रॉफर्डला बॅटिंगमध्ये खाली ढकललं आणि बाकी रोज तीच नावं, रोज तोच विश्वास. ऑगस्ट संपताना आपण 83-52 होतो आणि हीच माणसं म्हणत होती, काय शांत डोक्याचा माणूस आहे! एकाच स्वभावाला एप्रिलमध्ये संयम म्हणायचं आणि सप्टेंबरमध्ये आळस, हे मला पटत नाही. माणूस तोच होता. बुकहोल्झची पाठ जूनमध्ये गेली, मात्सुझाकाचं कोपर गेलं. बॉल द्यायचा कोणाला?

2003 मध्ये आधीच्या मॅनेजरने, ग्रेडी लिटलने, पिचर पेड्रोला आठव्या इनिंगमध्ये काढलं नाही, यँकीजनी बरोबरी केली, पुढे आरन बूनच्या होमरनवर सगळं गेलं. विश्वास टाकला म्हणून लिटलची नोकरी गेली आणि त्या खुर्चीवर टिटो आला. पुढच्याच वर्षी त्याच यँकीजविरुद्ध सिरीजमध्ये 0-3 ने मागे, नववी इनिंग, समोर त्यांचा पिचर रिव्हेरा. टिटोने डेव्ह रॉबर्ट्सला धावायला आणलं आणि त्याने सेकंड बेस चोरला. इंचाइंचाचा प्रश्न होता. त्या रात्री रॉबर्ट्स आउट झाला असता, तर टिटोही त्याच वर्षी गेला असता आणि 86 वर्षं वर्ल्ड सिरीज न जिंकल्याचं ते ओझं कोणी उतरवलं असतं कोण जाणे. रॉबर्ट्स सेफ झाला, म्हणून टिटो हुशार. काल बॉल क्रॉफर्डच्या ग्लोव्हमधून सुटला, म्हणून टिटो संपलेला.

रात्री जेवताना कोणी विषय काढला नाही. साबुदाणा मीच एकटीने खाल्ला, ते दोघं पिझ्झा घेऊन आले होते. मला वाटत होतं ईशान काहीतरी बोलेल. एवढी मोठी हार झाली आणि ज्याच्यासाठी मी हा खेळ शिकले, तो माझ्याशी त्याबद्दल बोलत नाही. हे लिहिताना रडू येतंय. लिहून ठेवते, पण यावर जास्त नाही.

30 सप्टेंबर, शुक्रवार

टिटो गेला.

संध्याकाळी फेनवेतून प्रेस कॉन्फरन्स दाखवली. त्याच्या करारातली पुढची दोन वर्षं क्लब वाढवणार नाही. चेहरा ओढलेला. कोणावर चिखल उडवला नाही. या पोरांपर्यंत आपलं बोलणं आता पोचत नाही, इथे दुसऱ्या कोणाचा तरी आवाज हवा, असं काहीसं तो स्वतःच म्हणाला. सुहास काल बोलला होता ते टिटोच्याच तोंडून आलं. सुहास मात्र काही बोलला नाही, पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला. चांगला माणूस आहे तो.

पण मी सरळ होऊन बसले ती दुसऱ्याच गोष्टीवर. महिन्याच्या सुरुवातीला टोरांटोला आपण 14-0 जिंकलो होतो. ती रात्र मला आठवते, वहीत जागा पुरत नव्हती. त्या गेमनंतर टिटोने टीमची मीटिंग घेतली होती. जिंकल्यावर! कारण काही गोष्टी त्याला खटकत होत्या, टीम एकमेकांसाठी खेळत नाहीये असं वाटत होतं. म्हणजे आम्ही सगळे आघाडी मोजत होतो, तेव्हा त्याला दिसत होतं. दिसत असूनही त्याने दुसऱ्या दिवशी त्याच पोरांच्या हातात बॉल दिला, आणि आज जातानाही कोणाचं नाव घेतलं नाही.

बाजू घेणं म्हणजे न दिसणं, असं ईशानला वाटतं. मला ते काल शब्दांत धरता येत नव्हतं. दिसतं, सगळं दिसतं. लॅकीचा बॉल मधोमध येतो ते मलाही दिसत होतं.

टीव्ही बंद झाल्यावर ईशान तिथेच बसून राहिला. मग म्हणाला, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "असेवेसला बुलपेनमधून, मधल्या इनिंगच्या पिचरांतून, काढून गेम सुरू करणारा स्टार्टर केला असता. वाइलंडला देत होते त्या जागी. पंधरा दिवस आधी."

तो बघतच राहिला. "मग तू टिटोच्या बाजूने कशी?"

"आहेच. असेवेसच्या बाबतीत पटलं नाही म्हणून त्याला काढायचं का? तुझ्या बाबांचं मला किती पटत नाही."

यावर सुहास आतून काहीतरी म्हणाला, ते ऐकू आलं नाही.

ईशानने स्वतः उठून वही आणली. कधी नव्हे ते. सप्टेंबरची पानं उलटत बसलो. त्याचं म्हणणं, असेवेस रोज दोन-दोन इनिंग ओढत होता म्हणून जे सात जिंकलो ते जिंकलो. त्याला स्टार्टर केलं असतं तर चार दिवस तो बसून, आणि मधल्या इनिंग कोण टाकणार? टिटोनेही बहुतेक हाच विचार केला असणार. मुलगा टिटोची बाजू घेतोय हे मी त्याला सांगितलं नाही. बोलू दिलं. वाद सरळ मिटणारा नाही, त्याच्याही म्हणण्यात दम आहे, आणि मला ते चालेल. या घरात कोणाला खेळ किती कळतो, ते ठरायचं तेव्हा ठरेल.

"सांग ना, मधल्या इनिंग कोण?" त्याने परत विचारलं.

मी फ्रँकलिन मोरालेसचं नाव घेतलं. ते त्याला अजिबात पटलेलं नाही.