तुम्ही विचारलंत म्हणून: बेडूक तोंड का मिटतो?

‘कार्ड उघडलं की बेडकाचं तोंड मिटतं. उलट व्हायला हवं ना? आमचं काय चुकलं?’ कार्डाच्या घडीतून पुढे येऊन तोंड हलवणारा कागदी बेडूक घरी करून बघणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. चुकलेलं काहीच नसतं. कार्ड टेबलावर पूर्ण पसरलं की जबडाही कागदाबरोबर सपाट होतो. पानं काटकोनात धरा, तोंड पुढे येईल. आणखी मिटत न्या, बेडूक आ वासेल. म्हणजे हे कार्ड पसरायचं नाही, अर्धवट उघड्या पुस्तकासारखं उभं करायचं.

खरी चूक झाली असेल तर ती बहुधा दुमडीत असते, नाहीतर गोंदात.

ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा घ्या, 21 बाय 14.8 सेंटीमीटर. मधोमध घडी घातली की 10.5 रुंद, 14.8 उंच कार्ड होतं. कागद 160 ते 200 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम). साधा झेरॉक्सचा कागद लुळा पडतो, फार जाड कार्डपेपर घडीवर तडकतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, घडी त्याच दिशेने यायला हवी. घडीच्या रेषेवरून आधी पट्टी लावून शाई संपलेलं बॉलपेन फिरवा, घडी सुरीसारखी पडते.

आता मिटलेल्या कार्डाच्या घडीवर, वरून 8 सेंटीमीटरवर, घडीला काटकोनात 4 सेंटीमीटर आत काप द्या. कापाच्या वर आणि खाली 2.5 सेंटीमीटरवर घडीवरच खुणा करा. कापाच्या आतल्या टोकापासून या खुणांपर्यंत दोन तिरक्या रेषा काढल्या की दोन त्रिकोण होतात. रेषा कापाच्या टोकावरच मिळाल्या पाहिजेत. दोन मिलिमीटरही अलीकडे-पलीकडे झालं, तर तिथे सुरकुती पडते आणि पाचसहा वेळा उघडमीट झाली की कागद फाटतो.

त्रिकोण रेषेवर दुमडा, नखाने दाबा. मग उलट्या बाजूला, त्याच रेषेवर, पुन्हा दाबा. हे दुसरं दुमडणं बहुतेकजण गाळतात आणि मग ‘तोंड बाहेरच येत नाही’ म्हणतात. एकाच बाजूला मोडलेल्या कागदाला दुसरीकडे वळायची सवय नसते. त्रिकोण सरळ करून कार्ड अर्धवट उघडा, बाहेरून बोटाने दोन्ही त्रिकोण आत ढकला, आणि ते आत असतानाच कार्ड मिटून दाबा. पावसाळ्यात कागद सर्द असला तर दुमड धरत नाही. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

चित्र यानंतर काढा. आधी काढलं की नेमका डोळा कापात जातो. फुगीर डोळे वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना, घडीपासून सारख्या अंतरावर.

कापाचं भोक झाकायला बाहेरून त्याच मापाचा दुसरा कागद लागतो. तो लाल घ्या, तोंडातून लाल घसा दिसतो. इथे दुसरी मोठी चूक होते: सगळ्या पानाला फेविकॉल फासतात आणि जबडा कव्हरलाच चिकटतो. त्रिकोणांच्या मागे आणि त्यांच्या कडेला 1 सेंटीमीटर जागा कोरडी सोडा. ओल्या गोंदाने कागद लाटा धरतो, म्हणून ग्लू स्टिकच बरी. आधी एक पान चिकटवा, मग कार्ड मिटून दुसरं. पसरून चिकटवलंत तर मिटताना बाहेरचा कागद ताणला जातो. कार्ड मिटून चिकटवल्यावर कडेला आतल्या कागदाचा मिलिमीटरभर जास्तीचा भाग दिसतो, तो कापून टाका.

जीभ हवीच असते मुलांना. 1 सेंटीमीटर रुंद, 7 लांब पट्टी घ्या. तिचं 1 सेंटीमीटर कव्हरच्या आत, घडीच्या एकाच बाजूला चिकटवा. दोन्ही बाजूंना चिकटवलीत तर कार्ड मिटताना चुरगळते. खऱ्या बेडकाची जीभ जबड्याच्या पुढच्या टोकाला जोडलेली असते, पण कार्डात ती तिथे लावली तर जबडाच जड होऊन खाली वाकतो. एवढी सूट बेडूक देईल.

पोपट करायचा असेल तर काप 2 सेंटीमीटरचा, खुणा 4 सेंटीमीटरवर. तोंड कमी उघडतं, पण कार्ड मिटत आणलं की चोच बेडकाच्या जबड्यापेक्षा जास्त पुढे येते. मजकूर मात्र बाहेरच्या पानावर लिहा; आत लिहिला की वाचणारा कार्ड पसरतो, आणि तोंड पुन्हा मिटतं.