नांगरानं पाडलेली दरी : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या स्ट्युअर्ट काउंटीत एक दिवस

"अरे, इथं कुणी बांधच घातले नव्हते का?"

प्रॉव्हिडन्स कॅन्यनच्या काठावर उभं राहून आईनं विचारलेला हा पहिला प्रश्न. तिचं सगळं आयुष्य जतकडच्या जिरायती रानात गेलेलं. तिला एका नजरेत जे उमगलं, त्यासाठी मला माहितीफलक वाचावा लागला.

ही दरी नदीनं कोरलेली नाही, शेतकऱ्यांनी पाडली आहे. इथले मूळ रहिवासी म्हणजे क्रीक ही आदिवासी जमात. १८२६च्या करारानं त्यांच्या हातून ही जमीन गेली आणि पुढच्याच वर्षी २०२.५ एकरांचे तुकडे पाडून ती चक्क लॉटरीनं गोऱ्यांना वाटली गेली. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, झाली १८३० मध्ये. मग झाडी तोडून कापूस, राबायला गुलाम, आणि नांगरट उताराच्या दिशेनं. वरची लाल माती वाहून गेली की खाली सगळी भुसभुशीत वाळू. १८५०पर्यंत तीन-पाच फुटांच्या ओघळी पडल्या होत्या, आता काही ठिकाणी १५० फूट खोल घळी आहेत. काठावरचं चर्चसुद्धा १८५९ मध्ये रस्त्यापलीकडं नव्यानं बांधावं लागलं. पण रंग काय सांगू! गुलाबी, केशरी, जांभळट, मधेच पांढरीशुभ्र शाडूसारखी माती. आई म्हणाली, "दिसायला देखणं आहे, पण रान गेलं की रे." त्यावर मी काय बोलणार?

अटलांटाहून कोलंबसमार्गे अडीच तास लागतात. लम्पकिन गावापासून दरीचं हे पार्क सात मैल पश्चिमेला. पार्किंगचे पैसे द्यावे लागतात. तळाशी उतरायला फार वेळ लागत नाही, पण तिथून बारीक झरा वाहतो, त्यामुळं चिखल ठरलेलाच. पांढरे बूट घालून येऊ नका, माझे कायमचे भगवे झाले. पांढऱ्या खुणांची वाट अडीच मैलांची आहे. तळातून चार आणि पाच क्रमांकाच्या घळी जरूर बघा. माती ढासळते, त्यामुळं भिंतींवर चढायचं नाही. वरच्या वाटेवर एका मोडक्या वस्तीपाशी जुन्या गाड्या गंजत पडल्यात. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं लालसर प्लमलीफ अझेलिया फुलतं, पण तेव्हा घामाच्या धारा लागतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नोव्हेंबर बरा, फक्त थंडीत पार्क लवकर बंद होतं.

लम्पकिनचा चौक दुपारीही सुनसान होता. तिथं १८३६ची बेडिंगफील्ड इन आहे, घोडागाडीच्या प्रवाशांची जुनी सराई. आत जायचं तर आधी फोन करून विचारा, आम्हाला कुलूप बघून परतावं लागलं. २०२०च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ५,३१४ माणसं, आणि त्या आकड्यात गावाजवळच्या स्थलांतरितांच्या बंदिगृहातले लोकही धरलेले. हे बंदिगृह देशातल्या मोठ्या बंदिगृहांपैकी एक. कापूस गेला, माणसं गेली, आता रोजगार उरला तो असला. व्हिसावर राहणाऱ्या आम्हा लोकांना त्या पाटीजवळून जाताना जरा गप्पच व्हायला होतं.

पश्चिमेला चॅटाहूची नदी ही काउंटीची हद्द. तिच्याकाठी रूड क्रीक नावाच्या ओढ्याजवळ आठ मातीची टेकाडं आहेत, क्रीक जमातीच्याही आधीच्या लोकांनी रचलेली. तिथं मनानं जाता येत नाही, फ्लॉरेन्स मरीना पार्कमध्ये आधी चौकशी करावी लागते. आमचं राहिलंच. नदीपलीकडं अलाबामात घड्याळ एक तास मागं. काठाला फोन कधी इकडची, कधी तिकडची वेळ दाखवतो, म्हणून हातात साधं घड्याळ ठेवा. रेंजही जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा. आमच्याकडं दशम्या आणि लसणाची चटणी होती. परतताना मात्र रस्त्याकडेच्या टपरीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळाल्या, अगदी आपल्यासारख्या. आईनं दोन पिशव्या घेतल्या आणि कोलंबस येईपर्यंत गाडीत टरफलांचा ढीग झाला.