मलिक अंबर छापायची परवानगी

दिवाळी अंकासाठी आफ्रिकेतल्या डिजिटल छायाचित्रकारांवर लिहायचं ठरलं, तेव्हा पहिलं चित्र कोणतं हे माझं पक्कं होतं. सेनेगलमधल्या डकारचे ओमार व्हिक्टर दिऑप यांनी २०१४ च्या ‘प्रोजेक्ट डायस्पोरा’ मालिकेत, आफ्रिकेबाहेर जाऊन नाव कमावलेल्या इतिहासातल्या आफ्रिकी माणसांची रूपं स्वतः धारण केली आहेत. त्यांत मलिक अंबर आहे, विजापूरच्या आदिलशाहीतला हबशी सरदार इखलास खानही आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला, १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा मलिक अंबर आपल्याला शाळेपासून ठाऊक. सेनेगलचा एक कलावंत त्याच्यात आपला पूर्वज शोधतो, हे मराठी वाचकाला दाखवायलाच हवं होतं. मालिकेत जुन्या पोशाखांच्या जोडीला फुटबॉलचं साहित्य येतं: युरोपात डोक्यावर घेतले जाणारे आणि त्याच मैदानात वर्णद्वेष सोसणारे आजच्या आफ्रिकी खेळाडूंची आठवण दिऑप यांना करून द्यायची आहे.

चित्र नेटवरून घेऊ, असं संपादकांचं म्हणणं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी सवलत आहे, हे खरं. तरी मी अडून बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदमों फोर्तिये या फ्रेंच छायाचित्रकाराने डकारमध्ये बसून पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांची हजारो पोस्टकार्डं काढून विकली. कितीतरी चेहऱ्यांखाली नाव नाही, फक्त जमातीचा शिक्का. त्या इतिहासाला उत्तर म्हणून उभं राहिलेलं काम आपण न विचारता कसं उचलायचं?

दिऑप यांचं काम पाहणाऱ्या कलादालनाला लिहिलेल्या पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात मी सगळा तपशील आधीच दिला: चित्राचं नाव आणि वर्ष, अंकाची भाषा, प्रती किती, विक्री कुठे, चित्र आतल्या पानावर की मुखपृष्ठावर, छापील आकार, ऑनलाइन आवृत्ती आहे का. मग मात्र कलादालनाशी बोलणं सरळ सुरू झालं. मानधन अंकाच्या खपावर ठरलं आणि आमच्या खिशाला झेपलं. अटी स्पष्ट होत्या. चित्र कापायचं नाही, त्यावर अक्षरं टाकायची नाहीत, कृष्णधवल करायचं नाही, चित्रओळ त्यांनी दिली तशीच, आणि दोन प्रती टपालाने पाठवायच्या. मांडणीत लेखाचं शीर्षक चित्राच्या माथ्यावर आलं होतं. ते समोरच्या पानावर हलवलं. पान जास्तच देखणं झालं.

खरी कसोटी झानेले मुहोली यांच्या चित्राची होती. दक्षिण आफ्रिकेच्या मुहोली यांच्या ‘सोमन्यामा न्गोन्यामा’ या स्वचित्रांच्या मालिकेत छायाप्रकाशाचा विरोध वाढवून त्वचा मुद्दाम अधिक काळी केलेली असते. आम्ही निवडलेलं २०१५ चं ‘बेस्टर’ हे चित्र त्यांच्या आईच्या नावाचं. आईने आयुष्यभर गोऱ्या कुटुंबाकडे घरकाम केलं, म्हणून केसांत आणि कानांत कपडे वाळत घालायचे चिमटे, दागिन्यांसारखे. परवानगी हातात होती, पण प्रेसमध्ये ऑपरेटरने प्रूफ पाहून सवयीने विचारलं, “मॅडम, चेहरा दबलाय, थोडा उचलू?” आपल्याकडे लग्नाच्या अल्बमपासून हीच रीत. चेहरा उजळला तर या चित्रात उरणार काय, हे मी त्यांना मूळ फाइल पडद्यावर मोठी करून दाखवलं. त्यांना ते पटलं, आणि मग त्यांच्या अनुभवाचा खरा उपयोग झाला. काळ्यात शाई जास्त बसली की बारकावे बुजतात, म्हणून त्यांनी शाईचं एकूण प्रमाण कमी केलं, साध्या कागदाऐवजी आर्ट पेपर सुचवला आणि नवं प्रूफ त्याच कागदावर काढून दिवसाच्या उजेडात पाहायला लावलं. गालावरचा प्रकाश, डोळ्यांतली धार, चिमट्यांची लाकडी कड, सगळं जागेवर आलं. संपादकांनी आर्ट पेपरच्या जादा खर्चाला लगेच होकार दिला.

केनियात जन्मलेल्या वांगेची मुटू यांच्या २०१३ च्या ॲनिमेशनमधली दृश्यं मात्र राहिली; वेळच उरला नव्हता. कुणी असा लेख करणार असेल तर पत्रव्यवहार उन्हाळ्यातच सुरू करा, आणि प्रेसला रंगांची सूचना तोंडी न देता फाइलसोबत लिहून द्या. मुटूंसाठीचं पत्र मी या वेळी मार्चमध्येच धाडलं आहे.