मामांची साक्ष

काल उपासनेत मामांनी साक्ष दिली. दारू सुटली, प्रभूने जुनं सगळं पुसून टाकलं, आता मी मोकळा झालो, म्हणाले. मंडळीने ‘हालेलुया’ म्हटलं. शेजारी आईनेही म्हटलं, डोळे पुसत. मला रात्री झोप लागली नाही.

पुसून टाकलं म्हणजे काय काय? आईच्या पाटल्या त्यात आल्या का? बाबांच्या आजारपणातले ते दिवस? देवाने त्यांना क्षमा केली असेल. असेल कशाला, केलीच आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण आम्हाला कुणी विचारलं? ज्यांचं गेलं ते मागच्या बाकावर बसलेले, आणि सगळं वरच्या वर मिटलं, परस्पर.

जक्कय आठवत राहिला. यरीहोचा तो जकातदार येशूसमोर उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आज या घराला तारण मिळालं, हे येशू त्यानंतर म्हणाला. मला चौपट नको. पाटल्याही नकोत. एकदा आईकडे बघून त्यांचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं सांगितलंय ना? वेदीपासून आमचा बाक कितीसा लांब होता?

उधळ्या पुत्राचा दाखला मला कुणी देऊ नये. रविवारच्या शाळेत तो मीच शिकवते. परत आलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी दिली म्हणून रुसून बाहेर थांबलेला थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही, ते शुभवर्तमानात लूक सांगतच नाही.

आईचं वेगळं. १९९५ साली मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारियांना भोसकून मारलं, आणि २००२ साली त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आईचं काळीज त्यांच्यातलं. माझं नाही. निदान काल तरी नव्हतं.

पहाटे प्रेषितांची कृत्ये उघडलं, नववा अध्याय. दिमिष्कातल्या, म्हणजे दमास्कसमधल्या, हनन्या नावाच्या शिष्याला प्रभू शौलाकडे, ख्रिस्ताच्या लोकांचा छळ करणाऱ्या माणसाकडे, जायला सांगतो, आणि हनन्या लगेच उठत नाही. या माणसाने यरुशलेमेत तुझ्या लोकांचं किती वाईट केलं ते मी ऐकलंय, असं तो प्रभूला सरळ बोलून दाखवतो. प्रभू त्याला रागावत नाही. इतक्यांदा वाचून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचं आधी ऐकून घेतलं गेलं.

तिकडे शौल तीन दिवस आंधळा, अन्नपाणी सोडून प्रार्थना करत बसलेला. प्रभूशी त्याची भेट दिमिष्काच्या वाटेवरच होऊन गेलेली. तरी त्याला दिसू लागलं ते हनन्याने अंगावर हात ठेवल्यावरच. आत गेल्यावर हनन्याचा पहिला शब्द काय, तर ‘शौल भाऊ’. आवाज कापला असेल त्याचा. असणारच.

म्हणजे परस्पर मिटत नाही तर. ज्यांना झळ लागली त्यांच्यातल्याच एकाला तिथे जावं लागलं.

गुरुवारी मामा जेवायला येणार आहेत. आईनेच बोलावलंय. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं, ते आणि मी दोघंच असताना पाटल्यांचं विचारणार आहे. आईसमोर नाही. आणि जेवणं झाल्यावर.