एका बटणात भरलेला मजकूर

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्ट विभागातल्या ताईंचा फोन आला. "सर, माझा कीबोर्ड भलतंच काहीतरी टाइप करतोय, लवकर या." जाऊन बघतो तर शेऱ्याच्या रकान्यात ‘लदीसोत’! तिथं इंग्रजीत ‘नॉर्मल’ यायला हवं होतं. सकाळभर ‘नॉर्मल’ उमटवणारं तेच बटण नीट चाललं होतं.

या विभागात जादा बटणांची ओळ असलेले प्रोग्रॅमेबल कीबोर्ड आहेत. नेहमीचे शेरे एकेका बटणात भरलेले असतात. तीच वाक्यं दिवसभर बडवणाऱ्या बोटांना त्यानं केवढा आराम मिळतो ते मी रोज बघतो. त्यामुळे "काढूनच टाका ते कीबोर्ड" ही कुणीतरी केलेली सूचना मला मुळीच पटली नाही.

नोटपॅडमध्ये दाबून पाहिलं, पुन्हा लदीसोत. मग स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नजर गेली. भाषा मराठी होती. ताईंनी नुकतीच पेशंटसाठी मराठीत सूचना लिहिली होती आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची बटणांची मांडणी, तशीच चालू राहिली होती. इन्स्क्रिप्टमध्ये एनच्या बटणावर ल, ओवर द, आरवर दीर्घ वेलांटी. अक्षर न् अक्षर जुळलं.

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. यूएसबी कीबोर्डच्या बटणांना क्रमांक ठरवून देणारा एक तक्ता आहे, त्यात एनचा क्रमांक 17. त्याचा एन करायचा की ल, हे संगणक त्या वेळी निवडलेल्या भाषेवरून ठरवतो. बटणात भरलेलं वाक्य म्हणजे अशा क्रमांकांची नुसती रांग. वैद्यकीय रिपोर्टमध्ये हे चालवून घेता येणार नाही.

त्याच तक्त्यात एफ13 ते एफ24 यांनाही क्रमांक आहेत, 104 ते 115. आयबीएमच्या जुन्या 122 बटणांच्या टर्मिनल कीबोर्डवर चोवीस फंक्शन बटणं खरोखर असायची. आजच्या साध्या कीबोर्डवर एफ12 च्या पुढची नसतात, म्हणून सहसा कुठलं सॉफ्टवेअर ती अडवून बसत नाही. जादा बटणांतला मजकूर पुसून प्रत्येकाला यातलं एकेक दिलं आणि वाक्यं ऑटोहॉटकीच्या (बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवू देणारं सॉफ्टवेअर) स्क्रिप्टमध्ये ठेवली. तिथला सेंडटेक्स्ट हा आदेश बटणांच्या क्रमांकांऐवजी थेट युनिकोड अक्षरं पाठवतो, निवडलेली भाषा कोणतीही असो. स्क्रिप्ट प्रत्येक मशीनवर टाकावी लागते, तेवढी मेहनत मात्र आहे.

पुसण्याआधी एकेक बटण दाबून आतला मजकूर उतरवून घेत होतो. एका बटणानं चक्क युजरनेम आणि पासवर्ड टाइप केला! कीबोर्ड उचलून दुसऱ्या मशीनला लावला तरी तो तसाच उमटला असता. बाकीचं काम बाजूला ठेवून आधी पासवर्ड बदलायला लावला.

ते बटण आता ताईंनी मागून घेतलंय. त्यावर मराठी सूचना आहे: ‘तपासणीसाठी उपाशीपोटी यावे.’ भाषा इंग्रजी असली तरी ती मराठीतच उमटते.