बाईंच्या कपाटातले कान

शाळेच्या समारंभ समितीच्या पत्रात 'शाळेविषयी चार शब्द' मागितले आहेत. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. हे चार शब्द विज्ञानाच्या बाईंविषयी, आणि त्यांनी आमच्या वर्गातल्या 'स्पॉक'ला करून दिलेल्या कानांविषयी.

आपला स्पॉक कोण, हे आमच्या तुकडीला सांगायला नको. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची. मूळ मालिका अमेरिकेतली, १९६६ साली सुरू झालेली. तिच्यात स्पॉक हा व्हल्कन ग्रहावरचा, टोकदार कानांचा, तर्कानं चालणारा शास्त्र अधिकारी. सोमवारी तिसऱ्या बाकावर आमचा स्पॉक हजर. कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस, एकच भुवई वर चढवायची खोड आणि डोक्यापासून सुटे उभे राहिलेले कान. कुणी काही विचारलं की, "हे तर्काला धरून नाही." मुलं चिडवायची ती कानांवरून. बाईंनी त्यावर कुणाला रागावणं वगैरे केलं नाही. स्नेहसंमेलनात त्याला स्पॉकच करायचं ठरवलं, आणि करायचं तर नीट, म्हणून काम प्रयोगशाळेत घेतलं.

मालिकेत स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयचे कान फोम लॅटेक्सचे, म्हणजे रबरी स्पंजासारखे होते. इथे रद्दी कागद. बाईंची पद्धत अशी: आधी कानाच्या वरच्या तिसऱ्या भागाचं माप पुठ्ठ्यावर उतरवायचं, त्यावरून शाडूचा कान घडवायचा आणि त्याला दीड सेंटिमीटरचं टोक काढायचं. प्लास्टर थेट कानावर ओतायचं नाही. ते घट्ट होताना तापतं आणि केसांना धरून बसतं. शाडू सुकला की व्हॅसलिन, मग खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे चार थर. पट्ट्या फाडायच्या, कात्रीनं कापायच्या नाहीत. फाडलेली कड विरळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड उठून दिसते. खळीला एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या. वाळवण सावलीत, थराला एक दिवस. पहिला कान घाईनं उन्हात ठेवला, तर बाहेरचा थर आधी आकसून टोक पिळवटलं.

पडद्याच्या खळीत बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद असायचा. कानाच्या खळीत बाईंनी तो घालू दिला नाही. मोरचूद विषारी, आणि हे तर तासभर घामट कातडीवर बसणार.

मोरचूदात तांबं, त्यावरून गाडी रक्तावर गेली. मालिकेत स्पॉकचं रक्त हिरवं, कारण म्हणे त्यात लोहाऐवजी तांबं. बाईंनी अर्धा तास त्यावरच घालवला. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह. खेकडा आणि ऑक्टोपस यांच्या हिमोसायनिनमध्ये तांबं, पण प्राणवायू धरला की ते निळं होतं, हिरवं नाही. हिरवं रक्त समुद्रातल्या काही वलयांकित कृमींना असतं, आणि त्यात निघतं पुन्हा लोहच! अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. श्वसनाचा धडा त्या वर्षी कुणाला पाठ करावा लागला नाही, तो याच अर्ध्या तासामुळे.

चिकटवायला नाटकवाल्यांचा स्पिरिट गम. आदल्या दिवशी मनगटाच्या आत एक थेंब लावून खाज येते का ते बघायचं. टोक जड झालं तर कानाची कूर्चा पुढे कलते, म्हणून कड पॉलिशपेपरनं घासून पातळ करायची आणि आतून वार्निशचे दोन हात द्यायचे. वार्निश नसेल तर घामानं लगदा मऊ पडतो. खरी अडचण वेगळीच निघाली. सुटे कान चिडवायला बरे असले तरी टोक लावल्यावर ते वर न जाता बाजूला जायचं. कानामागे गमाचा ठिपका देऊन कान डोक्याशी ओढून बसवला, तेव्हा कुठे स्पॉक दिसला.

भुवया निमॉयनं अर्ध्या काढल्या होत्या. बाईंनी वस्तऱ्याला परवानगी दिली नाही. ओला साबण चोळून बाहेरचे अर्धे केस कपाळाला चिकटवले, वाळल्यावर पावडर, वरून पॅनकेक मेकअप, मग काळ्या पेन्सिलीनं तिरकी रेघ. दिव्यांच्या उष्णतेनं साबण डोळ्यात उतरतो, हे दुसऱ्या प्रवेशात कळलं. तर्कानं चालणारा तो ग्रहवासी ढसाढसा रडला आणि टाळ्या मात्र तिथेच पडल्या. सदऱ्याची गंमत तर त्याहून मोठी. बहुतेकांच्या घरी काळे-पांढरे संच, रंग कुणाला ठाऊक? पिवळा शिवला. पिवळा कप्तानाचा, शास्त्र अधिकारी निळ्यात असतो. बाई म्हणाल्या, "बढती मिळाली असं समज."

तो हात उंचावून मधल्या दोन बोटांत फट पाडायचा सलामही त्याला आधी जमत नव्हता. निमॉयनं तो लहानपणी पाहिलेल्या ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतला होता. बाईंचा उपाय म्हणजे दोन-दोन बोटांना रबरबँड, आठ दिवस.

आता प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष आहे. फळे डिजिटल, त्यातले दोन आमच्याच तुकडीच्या देणगीतले. छानच आहे सगळं. पण खिडकीखालचं काचेचं कपाट दिसलं नाही. त्यात बेडूक आणि जंताच्या बाटल्यांशेजारी एक कोरडी बरणी होती, वर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'बाह्यकर्ण, डावा व उजवा. ग्रह: व्हल्कन.' कपाट हलवताना ती कुणी नेली असेल, तर समितीकडे आणून द्यावी. स्पॉक येणार आहे समारंभाला.